मोडीत गेलेली भांडी

आमच्या घरात जुनं म्हणावं असं एकच भांडं शिल्लक आहे, आणि ते आमचं नव्हतं. चिनी मातीचा एक कप. कान तुटलेला, आत तळाशी चहाचा काळा वेढा बसलेला. बाकी सगळं गेलं. मातीचं फुटलं. पत्र्याचं गंजलं. जर्मनचं चेपून चेपून शेवटी मोडीत गेलं, किलोवर पैसे आले. पितळेची एक घागर होती ती सावकाराकडं गेली. हा कप तेवढा राहिला, कारण भंगारवाला चिनी माती घेत नाही.

कपाची गोष्ट पुढं येईल. आधी हे सांगतो की गेली चार वर्षं मी लाकडाची भांडी करतोय. स्वैपाकात वापरायची नव्हेत. जी भांडी आमच्या आज्ज्या-पणज्यांच्या चुलीपाशी होती आणि आता कुणाकडं नाहीत, त्यांच्या लाकडातल्या प्रतिकृती. प्रतिकृती हा शब्द मी वाचनालयातल्या एका पुस्तकातून उचलला. आज्जी त्याला सोंग म्हणते. "घागरीचं सोंग केलंस व्हय रं?" मला तिचाच शब्द आवडतो.

आतापर्यंत दहा झाली. काठवट, येळणी, परळ, मोगा, जर्मनचं डिचकं, करवंटीचा डवला, डालड्याच्या डब्याला तारेची कडी लावून केलेली बादली, पितळी, घागर आणि तो कप. अकरावं-बारावं हातात आहे. सगळी वस्तीतल्या विहारात मागच्या भिंतीला फळीवर ठेवलीत. चौदा एप्रिलला लोक येतात, बघतात. म्हाताऱ्या बाया हात लावून बघतात. तरण्या पोरी विचारतात, "ह्यात काय करायचे?"

दोस्तहो, आपल्यातल्याच काहींना हे पटलेलं नाही. अभ्यासगटात एकजण तोंडावर म्हणाला, "लेका, गुलामीची लक्तरं कोरत बसलायस. बाबासाहेबांनी खेडं सोडा म्हणून सांगितलं आणि तू खेड्यातलं खापर विहारात आणून मांडतोस." दुसरा म्हणाला, "इथं पोरांच्या शिष्यवृत्त्या अडकल्यात, कंत्राटी भरती डोक्यावर आलीय, आणि तुला परळ सुचतंय." दोघंही मला जवळचे. शिष्यवृत्तीच्या मोर्चाला मी रातपाळी उतरून तसाच आलो होतो, डोक्यात सरकी-कापसाचा फफुटा घेऊन, हे दोघांनाही माहीत आहे. म्हणून त्यांना उत्तर द्यायचं म्हणून नव्हे, पण मला जे दिसलं ते लिहून काढतो.

पुण्याला राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. एका सुट्टीच्या दिवशी गेलो होतो. दिवे, अडकित्ते, पितळ-तांब्याची भांडी, एकाहून एक देखणी. त्या माणसानं आयुष्य घालून जमवलेली. मी त्याच्या विरोधात एक शब्द बोलणार नाही. पण तिथं फिरताना एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. ज्याच्याकडं धातू होता त्याचं घर टिकलं. पितळ शंभर वर्षांनी घासलं तरी चमकतं. मातीचं परळ एका पावसाळ्यात जातं. आमच्या आयांनी काय वापरलं हे बघायला गेलं तर बघायला काही नाहीच. आणि जे दिसत नाही ते नव्हतंच असं म्हणायला लोक टपलेले आहेत.

उर्मिला पवारांच्या आत्मकथनाचं नाव 'आयदान', २००३ साली आलं. आयदान म्हणजे बांबूच्या कामट्यांची टोपली-सूपं. कोकणात आपल्या बाया ते विणायच्या. शाहू पाटोळेंनी २०१५ साली 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहून मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या चुलीवर काय शिजत होतं ते कागदावर आणलं. मी ते दोन्ही वाचलं तेव्हा वाटलं, शिजलेलं आलं, विणलेलं आलं. ज्यात शिजलं, ज्यात मळलं, ते कुठं आहे? शब्दात भांडं येतं, पण त्याचा आकार येत नाही. हातात धरल्यावर जड किती, तोंड केवढं, बोटं आत जातात का, हे शब्दात येत नाही. मी कविताही करतो, म्हणून सांगतो, येत नाही.

लाकूडच का, तर मिळतं म्हणून. इचलकरंजीकडं ज्या सूतगिरणीत मी रिंगफ्रेमवर आहे तिथं मशीनचे सुटे भाग खोक्यातून येतात. खोक्याचं लाकूड मऊ, पांढरट, चिराळ्या निघणारं. पहिली दोन भांडी त्याच्यातलीच. पुढं रस्तारुंदीत आंब्याची झाडं पडली, तेव्हा एक खोड मिळालं. फर्निचरच्या दुकानातून सागवानाचे तुकडे मिळतात. मातीकामाला चाक लागतं, भट्टी लागते. धातूला तर सगळंच लागतं. लाकडाला धार लागते आणि वेळ लागतो.

धार ही सोपी गोष्ट नाही हेही सांगतो. गावगाड्यात पाटलाच्या वाड्यावर लाकडं फोडायची वेठ आपली, मयताची लाकडं वाहायची ती आपली. म्हणजे कुऱ्हाड आपल्या हाताला पिढ्यान् पिढ्या माहीत. पण वाकस, रंधा, पटाशी ही हत्यारं सुताराची. झाड पाडायचं एकानं, त्याला आकार द्यायचा दुसऱ्यानं. मला वाकस एका म्हाताऱ्या सुतारानं विकत दिला, त्याची पोरं प्लायवूडच्या कामाला गेलीत आणि वाकस गंजत पडला होता. त्यानं दांडा कसा धरायचा ते दाखवलं, बाकी मी मोडत-तोडत शिकलो. ओलं खोड कोरायला सोपं, पण वाळताना तडकतं. म्हणून आधी ओबडधोबड पोकळ करून ठेवायचं, दोन्ही तोंडांना, जिथं शिरा उघड्या पडतात तिथं, मेण फासायचं आणि सावलीत चार-सहा महिने विसरून जायचं. मग आतून गोल पटाशी, शेवटी कानस, पॉलिश पेपर. वरून जवसाचं तेल. व्हार्निश नाही. व्हार्निश मारलं की भांडं लगेच दुकानातलं दिसायला लागतं.

काठवटीचं सांगतो. ही तर मुळातच लाकडाची. भाकरीचं पीठ मळायची. जुनी काठवट माझ्या आत्याकडं आटपाडीच्या अलीकडं गावात अजून आहे, पण आता तिच्यात शेळीला पाणी ठेवतात. तिनं चाळीस वर्षं त्यात पीठ मळलं. उजव्या हाताचा तळवा जिथं दाब देतो तिथं लाकूड झिजून खोलगट झालंय, मधोमध नव्हे, जरा उजवीकडं आणि तिच्या अंगाकडं. बाहेरून गोल, आत वाकडी. हा वाकडेपणाच मला हवा होता. तो मापायचा कसा? काठवट ओट्यावर सपाट ठेवली. त्यात बोटाच्या एका पेरभर पाणी ओतलं आणि पाण्याची कड जिथं लागली तिथं पेन्सिलीनं रेघ मारली. आणखी पेरभर, आणखी रेघ. असं काठापर्यंत. पाणी काढल्यावर आत रेघांची वेटोळी दिसली, भूगोलाच्या पुस्तकात डोंगराच्या नकाशात असतात तशी. ती कागदावर उतरवली. आत्या म्हणाली, "माज्या हाताचा नकाशा काढलास की रं." कविता मी करतो आणि बोलते ती.

त्या काठवटीला एक चीर आहे. मामांनी, म्हणजे आत्याच्या नवऱ्यानं, कधीतरी पत्र्याची पट्टी ठोकून ती थांबवलेली. पट्टीला पाच खिळे. मी पट्टीही लाकडातच कोरली, खिळ्यांच्या डोक्यांसकट. एक बाई विहारात बघून म्हणाल्या, "नवी करतोस तर चांगली तरी करायची." पण चांगली म्हणजे कुणासारखी? आमची काठवट फुटल्यावर दुसरी आणायची सोय नव्हती, म्हणून पट्टी आली. पट्टी काढली तर जी उरते ती दुसऱ्याच कुणाच्या घरची काठवट. आणि काठवट ही काही साधी वस्तू नाही, संत रविदासांच्या काठवटीत गंगा आल्याची गोष्ट उत्तरेत घराघरांत सांगतात. चांभाराची, कातडं भिजवायची काठवट ती. गंगा आली तेव्हा तिनं ठिगळ आहे का बघितलं नसेल.

ज्यांची मूळ वस्तूच राहिली नाही त्यांचं काम वेगळं. तिथं माप म्हाताऱ्या बायांच्या हातात असतं. परळ केवढं, विचारलं की तीन बाया तीन हात दाखवतात. "ईतभर." "व्हय, पर माज्या ईतभर, तुज्या न्हवं." "खोल किती?" "चार बोटं. दोन भाकरी कुस्करून कालवान वतलं की काठाला यायचं." मग मी भाकरी घेऊन बसलो, दोन भाकरी खरंच कुस्करल्या, कालवण ओतलं, वेगवेगळ्या वाडग्यांत घालून बघितलं कुठल्यात काठाला येतं. त्यावरून परळ निघालं. येळणीवरून तर भांडण झालं. येळणी म्हणजे मडक्यावरचं मातीचं झाकण, त्याच्यातच कालवण वाढून घेऊन पोरं जेवायची, असं एका मावशीनं सांगितल्यावर दुसरी चिडली, "आमच्यात न्हवतं बाई तसलं." थोड्या वेळानं हळूच म्हणाली, "व्हतं. ताटल्या दोनच व्हत्या. आन् खाणारी सात."

ही बाई ते गेली पन्नास वर्षं कुणाला बोलली नव्हती, असं तिच्या सुनेनं मला नंतर सांगितलं.

घागर आज्जीची. आज्जा तरुणपणी उसाच्या तोडीला जायचा. तोडीचे पैसे साठवून त्यानं पितळेची घागर आणली, आमच्या भावकीतलं पहिलं पितळ. त्याआधी पाणी मातीच्या घागरीत, नाहीतर डालड्याच्या डब्यात. कल्हईवाल्याची हाळी गावातून यायची, पण आमच्या गल्लीकडं तो वळायचाच नाही. कल्हई करायला भांडं कुणाकडं होतं? घागर आली तशी आज्जी ती राखेनं आणि चिंचेनं दिवसातनं दोनदा घासायची. गावातल्या कुणीतरी बोललंच, "म्हारवाड्यात सोनं आलं म्हनं." तेवढ्यावर भागलं. आज्जी म्हणते, "त्येवडं ऐकायचंच म्हनून घेतली व्हती."

सगळीकडं तेवढ्यावर भागलं नाही. बाबासाहेबांनी 'जातिप्रथेचे विध्वंसन' या १९३६ च्या भाषणात एक घटना सांगितलीय. अहमदाबाद जिल्ह्यातल्या एका गावात आपल्या बाया धातूच्या भांड्यातून पाणी आणायला लागल्या. खाऊनपिऊन बऱ्या घरच्या बाया, स्वतःच्या पैशाची भांडी. गावानं त्यांना मारलं. १९३५ च्या नोव्हेंबरातली घटना ती. कशासाठी मारलं? भांडं धातूचं होतं म्हणून. अजून कोण म्हणत असेल की भांडं म्हणजे नुसतं भांडं, तर त्यानं हे पान उघडून बघावं. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात तर कायदाच करून ठेवलाय की चांडाळानं फुटक्या भांड्यात जेवावं. म्हणजे आमच्या परळाला चीर कुठनं आली ते लिहिलेलं आहे. ते पुस्तक २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जाळलं हे आपण पोरासोरांना सांगतो. त्यात भांड्यावर कलम होतं हे सांगत नाही. आणि त्याच वर्षी २० मार्चला चवदार तळ्याचं पाणी आपण प्यायल्यावर सवर्णांनी तळं शुद्ध केलं ते कशानं? १०८ घागरींनी. शेण, गोमूत्र, दही, दूध घालून. तिथंही घागरच.

आज्जीची घागर १९७२ च्या दुष्काळात गेली. आज्जी-आज्जा दोघं खडी फोडायला. रेशनला मिलो, लाल लाल, भाकरी थापली की तुटायची. पोरांना सुकडी. त्यातच माझा थोरला चुलता आजारी पडला आणि घागर जोंधळे आणि दवापाण्यापायी गहाण पडली. सोडवायला गेले तेव्हा व्याज घागरीपेक्षा मोठं झालं होतं.

तिचं माप कसं काढलं ते सांगतो, कारण ह्यात मला फार आनंद झाला. आज्जीला म्हटलं, "उभी राहा, घागर कमरेवर घेतल्यावानी हात कर." ती उभी राहिली. ऐंशीला टेकलेली बाई, कमरेत वाकलेली. तिनं डावा हात गोल केला आणि कंबर आपोआप एका बाजूला काढली, पन्नास वर्षांनी. हात आणि कंबर यांच्यामधली मोकळी जागा, तीच घागर. मी सुताच्या दोऱ्यानं ती जागा मापून घेतली. गळ्याचं माप तिनं मूठ आत घालून दाखवलं, "हितनं हात जायचा, बांगड्या अडकायच्या." आंब्याच्या खोडाचे दोन तुकडे केले, दोन्ही आतून कोरले आणि लाकडी खुंट्या घालून जोडले. सांधा पोटावर आडवा दिसतो, तो झाकला नाही. पितळेच्या घागरीलाही तिथं सांधा असतोच. झाल्यावर आज्जीनं कमरेवर घेतली. म्हणाली, "जड हाय. ती भरल्यावरबी हलकी व्हती." आणि खाली ठेवायला तयार होईना.

आता कप. तो आज्ज्याचा. गावच्या फाट्यावर एक हॉटेल होतं, नाव लिहीत नाही. आत बाकडी, बशा, गाणी. बाहेर भिंतीत एक कोनाडा, कोनाड्यात कान तुटलेला कप उपडा घातलेला. आपल्या माणसानं जायचं, कप घ्यायचा, रांजणाखालच्या डबक्यातल्या पाण्यानं विसळायचा, पुढं धरायचा, वरून चहा ओतला जायचा. पिऊन परत विसळून उपडा घालायचा. असा हॉटेलातला कप नेहमी कान तुटलेलाच का असतो? कारण तो फुटल्याशिवाय आमच्या वाट्याला यायचा नाही. धर्मांतर होऊन गेलेलं. अस्पृश्यता गुन्हा कायदा १९५५ सालीच झालेला, आणि त्याच्या कलम ४ मध्ये उपाहारगृहातली सर्वांसाठी ठेवलेली भांडी वापरायला आडकाठी करणं हा गुन्हा म्हणून स्पष्ट लिहिलेलं. कायदा करणाऱ्यांना भांडं दिसलं होतं. फाट्यावरच्या हॉटेलाला दिसलं नव्हतं.

एक दिवस आज्ज्यानं चहा घेतला, कप विसळला, आणि उपडा घालण्याऐवजी धोतराच्या सोग्यात बांधून चालायला लागला. मालक ओरडत मागं आला. आज्जा थांबला, खिशातनं आठ आणे काढून त्याच्या हातावर ठेवले. म्हणाला, "इकत घेतला. आता उद्या मला कशात च्या देणार त्ये तुमी ठरवा." दुसऱ्या दिवशी तो आणखी दहा-बारा जणांना घेऊन गेला. कोनाडा मोकळा. त्या दिवशी हॉटेल बंदच राहिलं. तिसऱ्या दिवशी आतल्या कपात चहा मिळाला. सगळं तिथं मिटलं असं समजू नका, पुढं दोन वर्षं सुगीला कामाला बोलावलं नाही. पण कोनाडा मात्र रिकामा राहिला. आज्ज्यानं तो कप ट्रंकेत धर्मांतराच्या फोटोशेजारी ठेवला. तो वारला तेव्हा मी सहावीत होतो.

हे वाचणाऱ्यांपैकी कोल्हापूरकडच्यांना गंगाराम कांबळेंचं हॉटेल ठाऊक असेलच. भाऊसिंगजी रोडवर 'सत्यसुधारक'. शाहू महाराजांनी ते काढून दिलं आणि स्वतः गाडी थांबवून तिथला चहा प्यायले. त्या हॉटेलातले कप कुणी ठेवले असते तर मी आज ते पायी जाऊन बघून आलो असतो.

कपाची लाकडी प्रतिकृती करताना घरातच वाद झाला. आई म्हणाली, "खरा हाय की, मग लाकडाचा कशाला?" म्हटलं, खरा मी विहारात उघडा ठेवणार नाही. पोराच्या हातनं पडला तर गेला. आणि दुसरं, लाकडाचा कप हातात घेऊन बघता येतो. सागवानात केलाय. तुटक्या कानाची दोन बोंडं ही सगळ्यात अवघड. तिथं लाकडाच्या शिरा आडव्या येतात, पटाशी लावली की बोंड उडतं. ती नुसत्या कानशीनं घासून घासून काढली, तीन रविवार गेले. तीन रविवार मी एका तुटलेल्या जागेला आकार देत होतो.

मध्यंतरी हायवेवरच्या एका ढाब्याचा मालक आला. त्याच्याकडं चुलीवरची भाकरी, गावरान थाळी, भिंतीला टांगलेली पितळी भांडी, कंदील. काठवट त्याला पसंत पडली. चांगले पैसे देतो म्हणाला, माझा पंधरा दिवसांचा पगार होईल इतके. फक्त पट्टी काढ, चीर बुजव, जरा गडद पॉलिश मार. कपाकडं बघून हसला, "हे कशाला केलं? तुटका कप कोण लावतंय?" मी त्याला कोनाड्याची गोष्ट सांगितली. ऐकून घेतलं त्यानं, माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "ते जुनं झालं. आता कुठं राहिलंय तसं." २०२२ च्या ऑगस्टात राजस्थानात जालोर जिल्ह्यात नऊ वर्षांचं एक पोरगं मेलं, शाळेत पाण्याच्या माठाला हात लावला म्हणून मास्तरानं मारलं असं त्याच्या घरच्यांनी सांगितलं. ती बातमी मी त्याला फोनवर काढून दाखवली. काठवट दिली नाही. पैशाची गरज होती, हेही लिहून ठेवतो.

पण सगळंच करायचं असं मी कधी म्हटलेलं नाही. आणि इथं माझ्या अभ्यासगटातल्या मित्रांनी जरा लक्ष द्यावं. माझ्या यादीत एक गाडगं होतं. चान्यांचं. मेलेल्या ढोराचं मांस वाळवून त्याच्या पट्ट्या करून ठेवायच्या, पावसाळ्यात तेच. चान्या ठेवायचं गाडगं वेगळं असायचं, आढ्याला शिंक्यात टांगलेलं. महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या ढोराचं मांस सोडा म्हणून सांगितलं, ते गावोगाव पोचायला वेळ लागला, पण पोचलं. आमच्याकडं ते आज्जीच्या सासूपर्यंत पोचलं तेव्हा तिनं शिंकं सोडलं, गाडगं अंगणात आणलं आणि चान्यांसकट दगडावर आपटलं. घरात दुसरं खायला काही नसताना. आज्जी हे सांगताना अजून ताठ बसते.

मी म्हटलं, त्या गाडग्याचं माप सांग, ते करतो. आज्जी म्हणाली, "न्हाई."

"अगं पण हीच तर मोठी गोष्ट आहे."

"म्हनूनच न्हाई. तिनं फोडलं त्ये फोडलं. तू कोन परत जोडनारा?"

अभ्यासगटात यावर दोन तट पडले. एकजण म्हणाला, इतिहास आहे, लपवायचा कशाला? ज्यानं मला लक्तरं म्हणून हिणवलं होतं तोच आता म्हणत होता की हे तर केलंच पाहिजे, कारण यात विद्रोह आहे. मला गंमत वाटली. मी दोघांचंही ऐकलं नाही. त्या गाडग्यावर हक्क फोडणारीचा आणि तिच्या मागून चूल सांभाळणारीचा आहे. माझा नाही आणि गटाचाही नाही. फळीवर भांड्यांची यादी लावलीय, तिच्यात त्याचं नाव आहे. पुढं लिहिलंय: आज्जीच्या सासूनं फोडलं. करायचं नाही.

सध्या हातात मापं आहेत. दोन अधोल्या. घरोघरी चुलीमागं डब्यात मापटं, चिपटं असायचंच, दाणा मोजल्याशिवाय जात्यात पडायचा नाही. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. महारवतन १९५८ च्या कायद्यानं जाईपर्यंत बलुतं सुगीला खळ्यावर असंच मापून मिळायचं. वस्तीतले एक तात्या आहेत, ऐंशीच्या पुढचे, लहानपणी बापाबरोबर खळ्यावर बसलेले. ते म्हणाले, घेताना शीग लावून घ्यायचे आणि देताना वरून हात फिरवून सपाट द्यायचे, ते तर सगळ्यांनाच माहीत. पण ज्या मापानं आम्हाला घालायचे ते मापच निराळं होतं. बाहेरून सारखं. आत बूड जाड. पोरगा असताना तात्यांनी एकदा कुणाचं लक्ष नसताना त्यात हात घातला होता. घरच्या अधोलीत हात जिथवर बुडायचा त्याच्या दोन बोटं आधीच तळ लागला. बापाला सांगितलं, तर बाप म्हणाला, "गप बस."

तात्यांनी मला पेन मागितलं आणि स्वतःच्या हातावर दोन रेघा मारल्या. म्हणाले, तवाचा हात ल्हान व्हता, पर बोटं दोनच. तेवढ्यावरून मी दोन अधोल्या केल्या, एकाच खोडातल्या. बाहेरून तंतोतंत. आत एकीचं बूड दोन बोटं वर. शेजारी शेजारी ठेवल्या तर कुणाला कळणार नाही.

गेल्या रविवारी तात्यांना विहारात आणलं. जोंधळे घेऊन गेलो होतो. त्यांनी आधी घरची अधोली भरली, वरून हात फिरवला, सपाट. मग तीच दुसरीत ओतली. ती भरली, तात्यांनी परत हात फिरवला, आणि जास्तीचे जोंधळे खाली चादरीवर सांडले. तात्या ते एकेक मूठ उचलून बाजूला ठेवायला लागले. मोठ्यानं मोजत नव्हते, ओठ हलत होते. चादर रिकामी झाल्यावर माझ्याकडं बघून म्हणाले, "वरसाला अशा किती अधोल्या, आन् अशी किती वरसं. तुला हिशोब येतोय न्हवं? मांड."

मी कागद घेतला आणि पहिला आकडा त्यांनाच विचारला.